ट्रेनवाल्या मैत्रिणी, सख्ख्या बहिणी वगैरे: अनुभव लिहा

लेडीज_डबा: काल फोर्थ सीटवर बसले होते (म्हणजे अर्धी हवेत), समोर दोघी एकाच पिशवीतले मटार सोलत होत्या. एकीने न विचारता दुसरीच्या पर्समधून क्लिप काढून स्वतःच्या केसांना लावली. म्हटलं बहिणी असणार. तर एक नालासोपाऱ्याला उतरली, ‘सोमवारी दोडका आण गं’ म्हणत. आमचा लेडीज स्पेशलचा ग्रुप आठवला. ती गाडी १९९२ साली सुरू झाली, मी नंतर लागले नोकरीला. डब्यात दसऱ्याचं तोरण, हळदीकुंकू, सगळं. माझं ठरलेलं लग्न मोडलं ते सख्ख्या ताईच्या आधी त्यांना कळलं, ताई कित्येक दिवस बोलली नाही. घरी सांगितलं की चर्चा होते ना, तिथे नुसतं ‘बरं झालं, शेंगदाणे खा’.

चाळकरीण: ताई रुसणारच, माझं मत ताईला!! आम्ही दोघी कंगव्यावरून ओरबाडायचो. पण २६ जुलैला, २००५ च्या, कलिन्याहून कमरेएवढ्या पाण्यातून चालत सायनला तिच्या दारात रात्री पोचले, तिने दार उघडून आधी धपाटा घातला, ‘फोन कुठाय तुझा’, मग गाऊन दिला, तोही तिचा सगळ्यात जुना. चांगला नाहीच दिला

भाऊ_डोंबिवली: पुरुषांना एंट्री आहे का? आमचं डब्यात भजनी मंडळ. ज्याला त्याला माउली म्हणायचं, त्यामुळे टाळवाल्याचं आडनाव त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत कळलं.

चाळकरीण: भाऊ तुमच्या भजनात झोप मोडते लोकांची 😄

भाऊ_डोंबिवली: खिडकीवाले तरी झोपतातच

धाकटी_जाऊ: माझी जाऊच माझी मैत्रीण. सासूबाईंसमोर एकमेकींना अहो-जाहो, गच्चीवर पापड घालताना अगं-तुगं. कुकर झाला लिहिते नंतर

लेडीज_डबा: जाऊबाई नक्की लिहा, हे इंटरेस्टिंग आहे

मुकी_वाचक: मला बहीण नाही. शेजारची आहे, आमची किल्ली तिच्याकडे तिची आमच्याकडे, बाकी फार बोलत नाही आम्ही. हॉस्पिटलात बाबांजवळ रात्रभर तीच बसली होती.

चाळकरीण: ❤️ अजून काय हवं

नवीन_विरारकर: विषय सोडून विचारते, सोललेले वाल दादरला कुठे मिळतील? बिरडं करायचंय, सोलत बसायला वेळ नाही

लेडीज_डबा: स्टेशनबाहेर वेस्टला भाजीवाल्या बसतात तिथे बघा, सकाळी जा. नाहीतर रात्री मोड आलेले कोमट पाण्यात टाका, सालं सुटतात.

धाकटी_जाऊ: आले परत. कुठे होतो आपण?