घरासाठी कॉफी ग्राइंडर: हाताचा घ्यावा की विजेचा?

साखर_कमी:
घरात साउथ इंडियन फिल्टर आणि फ्रेंच प्रेस (दट्ट्या दाबून कॉफी गाळायचं भांडं) दोन्ही आहेत. रोज दोघांची कॉफी, सुट्टीला चार कप. बिया सध्या मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळल्या जातात. फिल्टरमधून डिकॉक्शन कधी पाच मिनिटांत पाण्यासारखं खाली येतं, कधी तासभर अडून बसतं. प्रेसच्या तळाला बोटभर गाळ. बजेट सात-आठ हजार. एस्प्रेसो मशीन नाही आणि घ्यायचंही नाही. दीड हजारापासून पंचवीस हजारांपर्यंत सगळ्यांवर ‘बर ग्राइंडर’ असंच लिहिलेलं असतं. नेमकं काय बघून घ्यावं? आणि चिकोरी (कॉफीत मिसळतात ते भाजलेलं मूळ) त्यातच दळायची का?

भरड_बारीक:
आधी मिक्सरचं. त्याचं पातं मिनिटाला 18-20 हजार फेरे मारतं आणि समोर येईल ते तोडतं. एका बीला दहा फटके बसतात, दुसरीला दोन. त्यामुळे पीठ आणि तुकडे एकत्रच मिळतात. पिठातून कडवटपणा भराभर उतरतो, तुकड्यांतून अर्धवट आंबटपणा, आणि फिल्टरची छिद्रं बुजतात ती पिठानेच. जास्त वेळ फिरवून उपयोग नाही, तुकडे कमी होईपर्यंत पीठ दुप्पट होतं. बरमध्ये दोन दातेरी भागांमधलं अंतर ठरलेलं असतं आणि कण तेवढा बारीक झाला की खाली पडतो. सगळा फरक एवढाच, पण कपात लगेच कळतो.

एस्प्रेसो नाही म्हणता, म्हणजे अर्धा खर्च वाचला. या बजेटमध्ये हाताचाच घ्या. विजेच्या ग्राइंडरमध्ये याच पैशांतून मोटर, गिअर, बॉडी सगळं भागवायचं असतं, मग काटछाट बरमध्येच होते. हाताच्यात पैसे बर आणि मधला बर फिरवणाऱ्या दांड्यावर जातात.

बघायचं ते दांड्याचं. दांडा वर आणि खाली अशा दोन ठिकाणी बेअरिंगमध्ये बसलेला हवा. सेटिंग जाड करा आणि मधला बर बोटाने आडवा ढकलून बघा. हलताना दिसला तर ठेवून द्या. दीड-दोन हजारांच्या सिरॅमिक बरवाल्यांची गोम हीच: बारीक दळताना बर एकमेकांना टेकून राहतात म्हणून निभावतं, जाड सेटिंगला मात्र मधला बर डुलतो. फ्रेंच प्रेसला नेमकं जाडच दळण लागतं.

टायममोर सी-२ तुमच्या कामाला पुरतो. 38 मिमीचा स्टीलचा बर, एका वेळी 20-25 ग्रॅम बिया. मात्र त्याचं सेटिंग आत, बरच्या खाली असतं. फिल्टरवरून प्रेसवर जायचं तर दरवेळी खालचा डबा काढून क्लिक (सेटिंगचे टप्पे) मोजायचे. रोज अदलाबदल होणार असेल तर थोडं ताणून किंगग्राइंडर के-६ बघा. त्याची सेटिंगची कडी बाहेरून फिरते, आकडे वाचता येतात आणि बर 48 मिमीचा असल्याने दळणही लवकर उरकतं.

दुधाळ:
वरच्याशी सहमत, पण हातावर पडणारा भार कोणी सांगत नाही. डार्क रोस्टच्या (जास्त भाजलेल्या) 20 ग्रॅम बिया मिनिटाच्या आत होतात. लाइट रोस्ट (कमी भाजलेला) कडक असतो, त्यात दळण बारीक असेल तर खांदा लागतो. चार कपांना 40 ग्रॅम म्हणजे दोन खेपा. घरात कोणाचं मनगट दुखत असेल तर सरळ विजेचा घ्या, पण मग बजेट वाढवून. चार-पाच हजारांच्या विजेच्या ग्राइंडरमधला बर फोटो मोठा करून बघा. धारदार तिरके दात दिसायला हवेत. चकतीवर नुसत्या बोथट गुठळ्या असतील तर तो बिया चिरत नाही, चिरडतो. पीठ मिक्सरइतकंच पडेल.

डिकॉक्शन_दाट:
चिकोरी ग्राइंडरमध्ये अजिबात नको. ती हवेतला ओलावा ओढते, चिकट होते आणि दातांत लुकण धरल्यासारखी बसते. तयार पूड आणा आणि दळून झालेल्या कॉफीत मिसळा. 80:20 हवं असेल तर 16 ग्रॅम कॉफी, 4 ग्रॅम चिकोरी. चिकोरीने गळण्याचा वेग मंदावतो, म्हणून प्रमाण बदललं की दळणही बदलावं लागतं.

सेटिंग लावायची रीत: ग्राइंडर रिकामा करून हँडल अडेपर्यंत सेटिंग घट्ट करा, तो शून्य. तिथून क्लिक मोजा. सी-२ वर फिल्टरला 14च्या आसपास, प्रेसला 24च्या आसपास सुरुवात करा. प्रत्येक नगाचा शून्य एखाद्या क्लिकने इकडेतिकडे असतो, त्यामुळे लोकांचे आकडे जसेच्या तसे धरू नका.

फिल्टर: 20 ग्रॅम पूड, चकती हलकेच टेकवायची, दाबायची नाही. उकळी थांबल्यावर अर्ध्या मिनिटाने 120 मिली पाणी. 15-20 मिनिटांत गळलं पाहिजे. दहाच्या आत आलं तर एक क्लिक बारीक, अर्ध्या तासावर गेलं तर एक क्लिक जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला, दळणही आणि पूडही बदलली तर काहीच कळत नाही.

प्रेस: 450 मिलीला 30 ग्रॅम, चार मिनिटं. दट्ट्या खाली न्यायला जोर लागला तर दळण बारीक आहे. विनाअडथळा सुळकन गेला तर जाड.

साखर_कमी:
छान. दोन शंका. जायफळ बियांबरोबरच टाकून दळलं तर चालेल का? आणि हिवाळ्यात पूड डब्याला चिकटते म्हणतात, त्याचं काय?

भरड_बारीक:
जायफळ नाही. त्याचं तेल दातांवर बसतं, मग महिनाभर प्रत्येक कप बासुंदी. किसणीवर किसून दुधात घाला. वेलची, मिरी, सगळ्यांना हाच नियम.

चिकटतं ते स्थिर विजेमुळे, हवा कोरडी असताना जास्त. चमच्याचं टोक पाण्यात बुडवून तेवढ्याने बिया ढवळा आणि मग दळा. थेंबभर पुरे, बिया ओल्या दिसता कामा नयेत.

सफाई ब्रशने, आठवड्यातून एकदा. स्टीलच्या बरला पाणी लावू नका, गंजतो. तांदूळ दळून साफ करायचा सल्ला फिरत असतो, तो सोडा, कच्चा तांदूळ कॉफीपेक्षा कडक असतो. तेलकट डार्क रोस्ट वापरत असाल तर ब्रश जास्त वेळा.

दुधाळ:
सुट्या बिया घेत असाल तर ताटात पसरून एकदा नजर टाका, खडा निघतो कधीकधी. हँडल मध्येच कच्चकन अडलं तर जोर लावायचा नाही. उलटं फिरवा, सेटिंग जाड करा, बिया ओतून खडा काढा. जोर लावला तर स्टीलचा दात बोथट होतो, सिरॅमिकचा टवकाच उडतो.

आणि हँडल काढून ड्रिल मशीन लावायची युक्ती सुचेल, सगळ्यांनाच सुचते. हाताच्या ग्राइंडरची बेअरिंग त्या वेगासाठी नसतात आणि खडा आला तर ड्रिल थांबत नाही. वॉरंटीही गेली.