परीक्षेला बसूनही निकालात ‘अनुपस्थित’ : दाद नेमकी कोणाकडे मागावी?

प्रश्न (विद्यार्थिनी, अक्कलकोट रोड, सोलापूर)

मी परगावच्या एका मोठ्या विद्यापीठात एम.एस्सी. करत आहे. दुसऱ्या सत्राच्या निकालात एका विषयापुढे मला ‘अनुपस्थित’ दाखवले आहे. प्रत्यक्षात त्या पेपरला मी पूर्ण वेळ बसले होते आणि दोन पुरवण्याही घेतल्या होत्या. विभागात विचारले, तर निकाल परीक्षा विभाग लावतो असे सांगतात. परीक्षा विभागाच्या खिडकीवर गेले, तर विभागाचे पत्र आणा म्हणतात. पत्र घेऊन गेले त्या दिवशी साहेब रजेवर होते आणि त्यांच्या टेबलावरचा कागद दुसरे कोणी हातात घ्यायला तयार नव्हते. सोलापूरहून रात्रीच्या एसटीने अशा तीन खेपा झाल्या आहेत. वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करतात, त्यामुळे प्रत्येक खेपेचे भाडे घरात जाणवते. निकाल अपूर्ण असल्यामुळे शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा अर्जही अडकला आहे. एका मैत्रिणीने पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरायला सांगितले. पण जी उत्तरपत्रिका तपासलेलीच नाही, तिचे पुनर्मूल्यांकन कसले? कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त कक्ष अधिकारी, विजापूर रोड)

पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करू नका. शुल्क जाईल आणि हाती काही लागणार नाही. तुमचे प्रकरण गुणांचे नसून नोंदीचे आहे. परीक्षेच्या दालनात ज्या हजेरीपत्रकावर तुम्ही सही केली, त्यावर आसन क्रमांकासमोर उत्तरपत्रिकेचा किंवा बारकोडचा क्रमांक लिहिलेला असतो. तो लिहिताना एखादा अंक चुकला, स्टिकर शेजारच्या ओळीत लागला किंवा ते पान गठ्ठ्याबरोबर पोचलेच नाही, की संगणकाच्या दृष्टीने विद्यार्थी गैरहजर ठरतो. नोकरीत असताना अशी प्रकरणे मी दर सत्राला पाहिली आहेत. त्यात लबाडी क्वचितच असते, निष्काळजीपणा मात्र भरपूर असतो.

तेव्हा अर्जात ‘माझ्यावर अन्याय झाला’ असे न लिहिता विषयाचा संकेतांक, दिनांक, सत्राची वेळ, खोली आणि आसन क्रमांक लिहा, प्रवेशपत्राची प्रत जोडा आणि ‘हजेरीपत्रक व पर्यवेक्षकांचा अहवाल पडताळून निकाल दुरुस्त करावा’ एवढीच मागणी करा. अर्ज खिडकीवर देऊ नका. तो आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तेथून हलू नका. साहेब रजेवर असले तरी आवक विभाग कागद घेतो. क्रमांक नसलेला कागद कार्यालयात अस्तित्वातच नसतो, हे मी तीस वर्षे त्याच खुर्चीत बसून पाहिले आहे आणि त्याबद्दल मला आज थोडी लाजही वाटते.

उत्तर २ (विद्यार्थी, सात रस्ता)

ताई, माझा निकाल तर अजून लागलेलाच नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार निकाल 30 दिवसांत लावण्याचा प्रयत्न करायचा असतो आणि उशिरात उशिरा 45 दिवसांत तो जाहीर व्हायला हवा. आमच्याकडे पुढच्या सत्राचे परीक्षा अर्ज सुरू झाले, तरी मागचा विषय सुटला की राहिला हे कोणाला ठाऊक नाही. शेवटी अनुशेषाचे शुल्क भरून ठेवावे लागते आणि उत्तीर्ण झालो तर ते परत मिळण्याचे नाव नाही.

उत्तर ३ (माजी विद्यार्थी, जुळे सोलापूर)

काकांचा सल्ला योग्य आहे, परंतु केवळ आवक क्रमांकावर विसंबून राहू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे. समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तिचा निर्णय मान्य नसल्यास पुढील 15 दिवसांत विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येते. आवक विभागात अर्ज द्याल त्याच दिवशी माहितीच्या अधिकाराखाली स्वतःच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागावी. अर्जाचे शुल्क 10 रुपये असून उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केले आहे. तुमची उत्तरपत्रिका तपासलीच नसेल, तर तसे लेखी उत्तर मिळणे हाही पुरावाच ठरेल. मात्र उत्तरपत्रिका ठरावीक मुदतीनंतर नष्ट केल्या जातात, त्यामुळे सुट्टी संपण्याची वाट पाहू नका.

प्रश्नकर्तीचे निवेदन

काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे अर्ज आवक विभागात दिला. तेथील बाईंनी आधी ‘खिडकी क्रमांक चार’ असे म्हटले, परंतु मी दुसरी प्रत पुढे करून उभी राहिल्यावर त्यांनी शिक्का मारला आणि निळ्या पेनाने क्रमांक घातला. त्यानंतर विभागातील सरांनी तो क्रमांक पाहून स्वतःच हजेरीपत्रकाची कार्यालयीन प्रत काढली. माझी सही आहे. समोर लिहिलेल्या बारकोड क्रमांकात मात्र शेवटचे दोन अंक उलटे पडले आहेत. सरांनी तसे पत्र परीक्षा विभागाला पाठवले आहे. दुरुस्त निकाल येईपर्यंत शिष्यवृत्तीच्या अर्जाला या पत्राची प्रत जोडली, तर ती ग्राह्य धरतात का, हे कोणाला अनुभवाने ठाऊक असल्यास कळवावे.