राजीनामा आणि छाटणी एकच नव्हे

कंपनी डबघाईला आली की लोक सांगतात, 'बुडत्या जहाजात कशाला थांबायचं, आजच राजीनामा टाका'. हे म्हणणं निम्मं पटतं. नोकरी शोधायला आजच लागा, पण सही सांभाळून करा. ५ वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम) राजीनाम्यानंतरही मिळते: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. छाटणीची, म्हणजे कंपनीनेच कामावरून कमी केल्याची, भरपाई मात्र वेगळी असते. दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, शिवाय निदान महिन्याची नोटीस. स्वतःहून राजीनामा लिहून दिलात की ही भरपाई गेली. (मॅनेजर मंडळींना छाटणीची ही तरतूद लागू नाही; मॅनेजर कोण, ते नुसतं पदावर नाही तर कामावर ठरतं.)

आमचे वडील सोलापुरात गिरणीत साच्यावर (कापड विणायच्या मागावर) होते. गिरणी गचके खाऊ लागली तेव्हा 'नंतर बघू' म्हणत त्यांनी कोऱ्या कागदावर सही दिली. शेजारचे काका सही न देता अडून बसले, हजेरीकार्डं आणि पगाराच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या पेटीत जपल्या. पैसे त्यांनाही उशिराच मिळाले, पण मिळाले. वडील पुढे चादरीच्या कारखान्यात रोजावर गेले. तुमच्या चिठ्ठ्या कंपनीच्या पोर्टलवर असतील तर आज रात्रीच उतरवून घ्या, नोकरी गेली की लॉगिन सगळ्यात आधी बंद होतं.