'विअर्ड' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ दैव होता काय?

कुतूहल (प्रश्न)

शेक्सपिअरचे 'मॅकबेथ' हे नाटक मूळ इंग्रजीतून वाचताना तीन चेटकिणींसाठी येणाऱ्या 'विअर्ड सिस्टर्स' या शब्दांपाशी मी अडले. 'विअर्ड' म्हणजे विचित्र, तऱ्हेवाईक, एवढेच आपण धरून चालतो आणि मीही 'विचित्र बहिणी' असा अर्थ लावून पुढे गेले होते. परंतु तळटिपेत त्याचा अर्थ 'दैव' असा दिला होता. दैवापासून विचित्रपणापर्यंत हा शब्द कसा येऊन पोहोचला? जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'वुर्ड' असे होते म्हणतात, तेव्हा शब्द या अर्थाच्या 'वर्ड'शी आणि जग या अर्थाच्या 'वर्ल्ड'शी त्याचे काही नाते आहे का? बोललेला शब्द हेच दैव, ही कल्पना मला फार भावली आहे. ती खरी आहे की नाही हे जाणकारांनी सांगावे. या जुन्या अर्थासाठी मराठीत कोणता शब्द योजावा, हेही कळले तर बरे होईल.

पानगळ

आपल्याला भावलेली कल्पना खरी नाही, हे आधी सांगून टाकतो. 'वर्ड' हा शब्द 'बोलणे' या अर्थाच्या वेगळ्या धातूपासून आला असून लॅटिनमधील 'वेर्बुम' त्याचा नातलग आहे. 'वर्ल्ड' तर जोडशब्द आहे: 'वेर' म्हणजे पुरुष आणि त्याला जोडलेला काळ किंवा वय या अर्थाचा शब्द, म्हणजे 'माणसाचे युग'. यातला 'वेर' आपल्या 'वीर' शब्दाचा भाऊ आहे.

'वुर्ड'चे खरे कूळ मात्र आपल्या फार जवळचे आहे. जुन्या इंग्रजीत 'वेओर्दन' हे क्रियापद 'होणे, घडणे' या अर्थाने वापरत. जर्मनमधील 'वेर्डन' हे त्याचेच भावंड. या क्रियापदापासून बनलेले स्त्रीलिंगी नाम म्हणजे 'वुर्ड', अर्थात जे घडते किंवा घडून येते ते. त्याच्याही मागे गेल्यास 'वळणे, फिरणे' या अर्थाचा मूळ भारत-युरोपीय धातू लागतो. लॅटिनमधील 'वेर्तेरे' त्यातूनच आले आणि संस्कृतातील 'वृत्' हा धातूही तोच आहे. वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन हे शब्द आपण रोज वापरतो. दिव्याची वळून केलेली 'वात'सुद्धा याच घरातली. फिरण्यापासून घडण्यापर्यंतचा प्रवास संस्कृतानेही केला आहे, कारण 'वर्तते' म्हणजे फिरते आणि 'वर्तते' म्हणजे असते, घडतेही. म्हणून 'वुर्ड'चा सर्वांत जुना अर्थ मराठी माणसाला समजावायचा झाला तर मी 'वृत्त' या शब्दाकडे बोट दाखवीन. जे घडले ते वृत्त. जुन्या इंग्रजी कवितेतही अनेक ठिकाणी 'वुर्ड'चा अर्थ निव्वळ 'घटना' एवढाच आहे आणि तिथे दैव आणून बसवले तर ओळ उगाच जड होते.

जुनी वही

कुळाचा खुलासा उत्तम झाला आहे, तेव्हा मी अर्थ कसा पालटला तेवढे लिहिते. मध्ययुगात फ्रेंचमार्गे आलेल्या 'फेट' आणि 'डेस्टिनी' या शब्दांनी दक्षिण इंग्लंडमध्ये जुन्या नामाला मागे सारले. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज कवी चॉसरने दैवदेवतांसाठी हा शब्द वापरला खरा, पण लगेच 'ज्यांना आपण डेस्टिनी म्हणतो त्या' अशी पुस्तीही जोडली. कवीला आपल्याच भाषेतला शब्द परक्या शब्दाने समजावून द्यावा लागतो, तेव्हा तो वापरातून चालला आहे हे ओळखावे. उत्तरेकडे आणि स्कॉटलंडमध्ये मात्र तो टिकला. तिथे 'ड्री युअर विअर्ड' असा वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ, नशिबी आलेले भोगून पार पाड.

स्कॉटिश इतिवृत्तांतल्या या बहिणी सोळाव्या शतकातला इंग्रज इतिहासकार होलिनशेड याच्या बखरीत आल्या आणि 'विअर्ड सिस्टर्स' म्हणजे दैवाच्या देवता, असा अर्थ त्याने तिथे दिला आहे. शेक्सपिअरने त्या तिथून उचलल्या. गंमत अशी की १६२३ च्या पहिल्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित आवृत्तीत, 'विअर्ड' हे रूप कुठेच नाही. तिथे 'वेवर्ड' आणि 'वेयर्ड' असे छापले आहे. १७३३ मध्ये थिओबाल्ड या संपादकाने होलिनशेडचा आधार घेऊन आजचे रूप आणले.

आता रंगमंचावर काय दिसते ते पाहा. मॅकबेथचा सोबती सेनानी बँको या तिघींना पाहतो तेव्हा त्यांच्या वाळलेल्या देहाविषयी, रानटी वेशाविषयी, सुकलेल्या ओठांवर ठेवलेल्या भेगाळ बोटांविषयी आणि दाढ्यांविषयी बोलतो. 'विअर्ड' म्हणजे दैव हे ज्याच्या कानी कधी पडले नाही, असा प्रेक्षक या शब्दाचा अर्थ समोरच्या रूपावरूनच लावणार. नाम होते त्याचे विशेषण झाले आणि ते अर्थातून सुटून दिसण्याला चिकटले, असे मला वाटते. १८१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अलास्टर' या कवितेत कवी शेलीने ढगांना 'विअर्ड' म्हटले, तोवर हा शब्द बहिणींपासूनही मोकळा झाला होता. आपल्या 'विचित्र'चेही असेच झाले आहे. संस्कृतात त्याचा अर्थ रंगीबेरंगी, नाना प्रकारचे असा होता.

कुतूहल

दोघांचेही मनापासून आभार. मग 'वुर्ड' ही जुन्या इंग्रजांची देवता होती असे मानावे का? आणि 'प्राक्तन' हा शब्द चालेल का?

पानगळ

देवता मानण्याबाबत मी हात आखडता घेईन. उत्तरेकडील नॉर्स कथांमधल्या तीन नॉर्नांपैकी, म्हणजे दैव ठरवणाऱ्या देवतांपैकी, एकीचे नाव 'उर्द' आहे आणि तो हाच शब्द आहे. जुन्या इंग्रजी शब्दसूचींमध्ये रोमन दैवदेवतांच्या नावासमोर 'वुर्ड'चे अनेकवचन लिहिलेले सापडते, हेही खरे. परंतु आपल्या हाती असलेले लेखन ख्रिस्ती मठांतल्या लेखनिकांकडून आले आहे आणि भाषांतरकाराने लॅटिन देवतांसाठी जवळचा शब्द शोधला, एवढ्यावरून त्या शब्दाची पूजा होत होती असे ठरत नाही. इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाच्या नावावर असलेल्या, रोमन तत्त्वज्ञ बोएथियसच्या ग्रंथाच्या अनुवादात तर ईश्वराचा पूर्वविचार वेगळा आणि तो रोज जे कार्य करतो ते 'वुर्ड' वेगळे, अशी मांडणी आहे. तिथे ते ईश्वराच्या हाताखालचे काम ठरते.

'प्राक्तन' घेऊ नये. त्यात पूर्वजन्मीच्या कर्माचा हिशेब आहे आणि 'वुर्ड'मध्ये तो अजिबात नाही. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यात नायक म्हणतो की ज्याचा मृत्यू ठरलेला नाही अशा वीराला 'वुर्ड' पुष्कळदा वाचवते, मात्र त्याचे धैर्य टिकले पाहिजे. माणसाच्या छातीला असा वाव ठेवणाऱ्या शब्दासाठी 'विधिलिखित'ही चालणार नाही, कारण लिहून झालेल्या गोष्टीला धैर्याशी काय देणेघेणे? मी 'भवितव्य' सुचवीन. 'भू' म्हणजे होणे, त्यापासून हा शब्द झाला आहे आणि 'वेओर्दन'ही होणेच आहे.

जुनी वही

काव्यासाठी 'भवितव्य' मान्य आहे. नाटकातल्या तिघींना मात्र 'भवितव्य सांगणाऱ्या बहिणी' म्हणू नये, कारण तसे म्हटले की त्या ज्योतिषी होऊन बसतात. होलिनशेडने 'विअर्ड सिस्टर्स'चा अर्थ दैवाच्या देवता असा दिला आहे, नुसत्या भविष्य सांगणाऱ्या बायका असा नव्हे. मी तिथे 'दैवभगिनी' असेच लिहीन.