चौथीच्या पोरांना ‘निर्वासित’ म्हणजे काय, कसं सांगू?

तळोद्याच्या मॅडम

नमस्कार मंडळी. तळोदा तालुक्यात जि. प. शाळेवर आहे, तिसरी-चौथी एकत्र. परवा मधल्या सुट्टीत एका पोराने मोबाईलवर पाहिलेलं सांगितलं. एका देशातली माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन दुसऱ्या देशात जातात आणि तिथे निळ्या जॅकेटवाले त्यांना तंबू देतात. झालं, प्रश्न सुरू. ते पोलीस का? त्यांना पगार कोण देतं? मी म्हटलं, ती माणसं निर्वासित, आणि जॅकेटवाले संयुक्त राष्ट्रांचे.

इथेच फसले. माझ्या वर्गातली निम्मी पोरं पुनर्वसन वसाहतीतली. त्यांचे आजी-आजोबा सरदार सरोवराच्या पाण्यामुळे नर्मदेकाठून उठून इकडे आलेले. त्यातली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, मग आम्ही पण निर्वासित का? आमच्याकडे निळ्या जॅकेटवाले का नाही आले?” घंटा झाली म्हणून सुटले.

शनिवारी सकाळच्या शाळेत यावर तास घेते असं कबूल करून बसलेय. पुस्तकातली व्याख्या नको, असं काम कुणी जवळून पाहिलं असेल तर सांगा. मनात एक खेळ आहे: “पाच मिनिटांत घर सोडायचंय, दप्तरात काय घ्याल?” घेऊ का?

सिंधी कॉलनी, जळगाव

मॅडम, तो खेळ नका घेऊ. ज्यांच्या घरात हे खरंच झालंय त्या पोरांकडून तर नकोच. माझे आजोबा 1947 ला शिकारपूरहून आले. कापडाचं दुकान होतं. येताना काय आणलं, तर उधारीची वही! गिऱ्हाइकं तिकडेच राहिली आणि वही इकडे आली. ती मरेपर्यंत त्यांच्या उशाला होती. आम्ही हसायचो, आता नाही हसत.

शाळेत मला पोरं ‘निर्वासित’ म्हणून चिडवायची. तेव्हा शब्द जपून शिकवा, एवढंच. आणि आजोबांच्या वेळी निळ्या जॅकेटवाले नव्हतेच. छावण्या आपल्या सरकारनेच उभ्या केल्या, कल्याण कॅम्पचं पुढे उल्हासनगर झालं.

पाणीवाले आप्पा, चोपडा

मॅडम, राम राम. मी पाणीपुरवठ्यातला माणूस. सगळी नोकरी पारोळा-अमळनेर पट्ट्यात टँकर मोजण्यात गेली. निवृत्त झालो आणि 2018 साली एका मदत संस्थेतर्फे आठ महिने बांगलादेशात कॉक्स बाजारला होतो, म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांच्या छावण्यांत, पाण्याच्याच कामावर. घरच्यांनी वेड्यात काढलं होतं. तेव्हा माझं सांगणं पाण्याच्या बाजूने येईल, चालवून घ्या.

आधी त्या मुलीचा प्रश्न, कारण बठ्ठं त्याच्यातच शे. तिला सरळ सांगा, तुम्ही निर्वासित नाही, विस्थापित. याचा अर्थ तुमचं कमी गेलं आणि त्यांचं जास्त, असा नाही. तिच्या आजोबांनी देशाची हद्द ओलांडली नाही, फरक तिथे आहे. आपल्या बाजूची अक्राणी-अक्कलकुव्यातली 33 गावं धरणाच्या पाण्याखाली आली. जमीन मिळाली नाही, नाहीतर खडकाळ मिळाली, तर लोक तहसीलवर जाऊ शकत होते, मोर्चा काढू शकत होते, कोर्टाची पायरी चढू शकत होते. चढलेही. भांडायला का होईना, स्वतःचं सरकार होतं. निर्वासिताकडे नेमकं तेच उरलेलं नसतं. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, मतं किंवा एखाद्या गटातलं असणं, यावरून आपल्याला मारतील अशी त्याला भीती आहे आणि ज्याच्याकडे दाद मागायची ते सरकारच वाचवत नाही, किंवा तेच मागे लागलंय. म्हणून तो परक्या मुलखात शिरतो. 1951 च्या जिनिव्हा करारातली व्याख्या साधारण हीच. ऊसतोडीला गुजरातेत जाणारे तुमच्याकडचे लोकही यात येत नाहीत. ते होळीला परत येतात.

निळं जॅकेट बहुतेक यूएनएचसीआरचं असणार, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं निर्वासितांसाठीचं उच्चायुक्तालय. डिसेंबर 1950 मध्ये स्थापन झालं. दुसऱ्या महायुद्धात युरोपात बेघर झालेल्या माणसांना मार्गी लावायचं आणि ऑफिस बंद करायचं, असा बेत होता. मुदत दिली होती तीन वर्षं! आपल्याकडच्या ‘तात्पुरत्या’ टँकरसारखंच झालं. हे लोक पोलीस नाहीत, हातात काठीसुद्धा नसते. स्वतःची गुंठाभर जमीन नाही. यजमान देशाने हो म्हटलं तर आत, नाहीतर वेशीवर.

पोरांना वाटतं यांचं काम तंबू आणि तांदूळ वाटायचं. ते आहेच, पण त्याच्या आधी एक काम आहे आणि ते फोटोत दिसत नाही. आलेल्या माणसाला परत ढकलू द्यायचं नाही. पकडापकडीत पोरं ‘टॅम्प्लीज’ म्हणतात ना, मग कितीही जवळ असला तरी आऊट करता येत नाही? तसंच. जिथे जीव जाईल तिथे माणसाला परत पाठवायचं नाही, हे त्या कराराचं 33 वं कलम. पोरं हे लगेच समजतात. कुणी टॅम्प्लीज मानलं नाही तर केवढं भांडण होतं वर्गात!

त्यानंतर नाव लिहिणं. ऑगस्ट 2017 नंतर थोड्याच महिन्यांत म्यानमारमधून सात लाखांवर माणसं बांगलादेशात आली, बरीचशी नाफ नदी ओलांडून. 2011 च्या जनगणनेत जळगाव शहर 4 लाख 60 हजारांचं होतं, म्हणजे दीड जळगाव चालत आलं असं समजा. यात कोण कुणाचं? पोर हरवलं तर कुणाच्या हवाली करायचं? मी होतो तेव्हा बांगलादेश सरकार आणि यूएनएचसीआर मिळून नोंदणी करत होते. फोटो, बोटांचे ठसे, घरात कोण कोण, आणि मग एक कार्ड. एक म्हातारा ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बनियनच्या आत ठेवायचा. मला दाखवायला काढायचा आणि हात लावू द्यायचा नाही.

बाकी कामं लग्नघरासारखी वाटून घेतलेली. धान्याचं जागतिक अन्न कार्यक्रम बघतो, तो 1961 चा, ऑफिस रोमला. पोरांचं युनिसेफ. ताटातूट झालेल्यांना रेड क्रॉस शोधतं, घरच्या खुशालीची चिठ्ठी उघडीच लिहून द्यायची, ते पोचवतात. काही छावण्या स्थलांतराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे. कधीकधी एकाच डोंगरावर तीन संस्थांच्या तीन मीटिंगा एकाच वेळी. तेही लग्नघरासारखंच.

आता माझं पाणी. अगदी अडचणीच्या काळात माणशी दिवसाला कमीत कमी 15 लिटर, एका नळावर जास्तीत जास्त 250 माणसं, नळ घरापासून 500 मीटरच्या आत. स्फिअर नावाच्या मानकांत मदत संस्थांनी मिळून हे ठरवलंय. मी पाहिलं तेव्हा घाईघाईत मारलेले कितीतरी उथळ हातपंप संडासांना खेटून होते. वरून पाणी स्वच्छ दिसे, आत जुलाब. म्हणून खोल बोअर, सोलरवर पंप, डोंगरावर टाकी, क्लोरीन आणि खाली नळ. नळाशी अॅल्युमिनियमच्या कळशांची रांग. बंगालीतही कळशीला कोलशीच म्हणतात, मला एकदम घरी आल्यासारखं झालं. नंबर धरायला कळशीच्या जागी दगड ठेवायची पद्धतही तीच!

आपल्याकडे टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकल्यावर क्लोरीन तपासायच्या ओटी चाचणीत पाणी पिवळं होतं. तिथे छोट्या डबीत गोळी टाकली की गुलाबी. रोज सकाळी मी डबी काढली की पंधरा-वीस पोरं गोळा. गुलाबी झालं की ओरडायची. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी मात्र पाणी तोंडात घेऊन थुंकायची आणि नाक मुरडायची, क्लोरीनचा वास. तिची आई उथळ पंपाचंच पाणी न्यायची, ‘गोड’ लागतं म्हणून. पारोळ्यात तीस वर्षं हेच ऐकलं होतं. तिला पटवायला मला तीन आठवडे लागले, नळ बसवायला दोन.

पोरांना आवडेल अशी एक गोष्ट. कुतुपालाँगची छावणी हत्तींच्या जुन्या वाटेवर वसली आहे. हत्तीला काय माहीत दीड जळगाव मध्ये आलंय? सुरुवातीला माणसं चिरडून मेली. मग यूएनएचसीआर आणि निसर्ग जपणाऱ्या आययूसीएन या संस्थेने निर्वासितांचीच पथकं तयार केली. बांबूचे मचाण, रात्रभर पाळी, हत्ती दिसला की आरडाओरडा करून त्याला हळूहळू जंगलाकडे वळवायचं. आपल्याकडे केळीत बिबट्या दिसल्यावर जे होतं त्यापेक्षा पुष्कळ शिस्तीत. म्हणजे हे लोक नुसते हात पसरून बसलेले नसतात, पोरांना हे जरूर सांगा.

तुमच्या उपयोगाचं आणखी एक, युनिसेफची शाळेची पेटी. एका अॅल्युमिनियमच्या पेटीत एक शिक्षक आणि 40 पोरांपुरत्या वह्या, पेन्सिली, खडू. झाकणाला सोबतचा रंग फासला की तोच फळा. झाडाखाली ठेवली की शाळा सुरू.

खेळाबद्दल जळगावच्या भाऊंचं ऐका. घर सोडायला लावू नका, बादली उचलायला लावा.

साक्रीचा भाऊ

आप्पा, ऐकायला छान. पण भारताने त्या करारावर सहीच केलेली नाही, मग आपल्या पोरांना कशाला? आणि पैसा येतो कुठून? आधी आपल्या लोकांचं बघा की. साक्रीत उन्हाळ्यात माणशी 15 लिटर मिळतं का ते येऊन मोजा.

पाणीवाले आप्पा, चोपडा

मोजलंय भाऊ, नाही मिळत काही गावांत. त्याबद्दल तुम्ही ग्रामपंचायतीत ओरडू शकता, मघाशी मी तेच म्हणत होतो.

सही नाही, खरंय. 1951 च्या नाही आणि 1967 च्या पुरवणीवरही नाही. पण माणसं आपण ठेवून घेतली. 1959 पासून तिबेटी, नंतर श्रीलंकेतले तमिळ. 1971 ला तर पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी. मी तेव्हा बारा वर्षांचा. नोव्हेंबरपासून पाकिटावर 5 पैशांचं ‘रेफ्युजी रिलीफ’चं तिकीट जादा लावायला लागायचं. भुसावळच्या मामाला पाकीट टाकायचं म्हटलं की माय कुरकुरायची आणि पैसे काढून द्यायची. तर आपल्या लोकांनी हे केलेलं आहे. दिल्लीत यूएनएचसीआरचं ऑफिसही आहे, अफगाण, म्यानमारच्या लोकांची नोंद तिथे होते.

पैशाचं म्हणाल तर गणपतीची वर्गणी. बहुतेक पैसा देशांची सरकारं स्वखुशीने देतात, थोडा साध्या लोकांचा. सक्ती कुणावर नाही. म्हणजे यंदा दिली तशी पुढच्या वर्षी देतीलच असं नाही. 2023 मध्ये कॉक्स बाजारला हेच झालं. धान्यासाठी माणशी महिन्याला 12 डॉलर मिळायचे, ते मार्चमध्ये 10 आणि जूनमध्ये 8 झाले. माणसं तेवढीच, पोटं तेवढीच. मंडळाचा मांडव लहान करता येतो, ताट कसं करणार? या बाबतीत माझं या सगळ्या व्यवस्थेशी भांडण आहे, पण ते पोरांच्या तासात नको.

सुरेखा, फैजपूर

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण द्या की मॅडम. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 पोलंडची पाचेक हजार माणसं राहिली होती, बायका-पोरंच जास्त. पोरांना ‘परक्या मुलखात’ म्हणजे काय ते चटकन कळेल. त्यांच्यासाठी परका मुलूख आपलाच होता.

तळोद्याच्या मॅडम

झाला तास. दप्तराचा खेळ रद्द केला. हापशावरून 15 लिटरची बादली भरून वर्गाच्या मध्ये ठेवली. एका दिवसाचं, एका माणसाचं. तांब्याने काढत गेलो: पिणं, स्वयंपाक, भांडी... धुण्यापर्यंत तळ लागला. “अंघोळ राहिली!” म्हणून एकच गलका. शाळेतली पत्र्याची पेटी उपडी करून झाकणावर खडूने लिहिलं, नीट उमटलं नाही, पण सगळ्यांना आलटून पालटून लिहायचंच होतं. टॅम्प्लीजला तर अख्खा वर्ग उभा राहिला.

त्या मुलीला तुमच्याच शब्दांत सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “म्हणजे आमच्या आजोबांकडे भांडायला साहेब होता, त्यांच्याकडे साहेबच नाही.” मी पुढे काही बोलले नाही.

आप्पा, एका प्रश्नाला मात्र मी अडले. मागच्या बाकावरचा एक जण म्हणतो, कार्ड पावसात भिजून फाटलं किंवा छावणीत आग लागून जळलं, तर तो माणूस परत बिननावाचा होतो का?

पाणीवाले आप्पा, चोपडा

नाही. नाव कार्डात नसतं, नोंदवहीत असतं, आणि ती कॉम्प्युटरात. बोटांचे ठसे आणि डोळ्याचं बुबुळ आधीच घेऊन ठेवलेलं असतं. ते जुळलं की नवीन कार्ड. आपल्या रेशन दुकानातल्या मशीनसारखंच. राबून राबून म्हातारीचा अंगठा झिजलेला असतो, मशीन घेत नाही, ती पंचाईत तिथेही. तेव्हा डोळा. जॉर्डनमध्ये झातारीच्या छावणीत तर 2016 मध्ये दुकानात नुसतं डोळ्याने पैसे चुकते करायची सोय सुरू झाली, पाकीट नको की कार्ड नको.

त्या मागच्या बाकावरच्याला विचारा, त्याच्या आजीचा अंगठा लागतो का मशीनला.