चर्चने सोडलेले गुलाम खरंच मोकळे होते का?

मध्ययुगीन युरोपात चर्चने गुलाम सोडले म्हणजे ते मोकळे झाले असं म्हटलं जातं, पण असं सरसकट नाही म्हणता येणार. ६३३ साली स्पेनमधल्या टोलेडोला भरलेल्या बिशपांच्या चौथ्या परिषदेचा नियमच बघा ना, चर्चचे मुक्त गुलाम आणि त्यांची पोरंबाळंसुद्धा कायम चर्चच्याच आश्रयाखाली राहणार, का तर त्यांची आश्रयदाती, म्हणजे चर्च, कधी मरत नाही! फ्रँक या जर्मानिक लोकांच्या रिपुआरियन नावाच्या कायद्यात तर चर्चमध्ये सनद देऊन सोडलेला माणूस निपुत्रिक वारला की वारस चर्चच. अर्थात संरक्षणही मिळायचं आणि ते लागायचंच, नाहीतर एकट्यादुकट्याला कोणी परत पकडून विकलं तर दाद कुठे मागणार? इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलमधल्या बॉडमिनची गॉस्पेलची (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांची) पोथी मला म्हणूनच, सुटकेचा लेखी पुरावा म्हणून, फार मोलाची वाटते, १०व्या-११व्या शतकात तिथल्या संत पेट्रोकच्या वेदीपाशी सोडलेल्या बायापुरुषांची नावं तिच्यात लिहून ठेवलीत, साक्षीदार पाद्र्यांच्या नावांसकट.