बॅटरीचा झोत लांबुळका पडतो, दोष वाटीचा की तारेचा?

रानपाखरू:
दोन सेलच्या जुन्या बॅटरीचा ठिपका भिंतीवर गोल न पडता लांबुळका पडतो आणि जो तो म्हणतो बल्बामागची चकचकीत वाटी (रिफ्लेक्टर) चेपलीय, बदलून टाक. मला अजिबात पटत नाही. बल्बातली तार दोन काड्यांमध्ये आडवी ताणलेली असते आणि वाटी त्या तारेचंच चित्र पुढे फेकते, ज्या भागाला तार पूर्ण लांबीची दिसते तिथून लांब चित्र, टोकाकडून दिसते तिथून बारीक, मग सगळी एकावर एक पडल्यावर ठिपका लांबट होणारच ना. भिंतीपासून तीन मीटरवर उभं राहून बल्ब पाव फेरा फिरवा. ठिपकाही फिरतो.

जुना वायरमन:
नाही पटलं. आट्यांचा बल्ब फिरवला की तो आत-बाहेर पण सरकतो, म्हणजे एका वेळी दोन गोष्टी बदलल्या. सगळा खेळ फोकसचा आहे. तार थोडी पुढेमागे झाली की मध्ये काळा डाग आणि भोवती कडं. दोन मिलिमीटरच्या तारेची दिशा कशाला बघायची?

रानपाखरू:
काका, आट्यांचा मुद्दा मान्य. म्हणूनच बिनआट्यांचा, कॉलरवाला बल्ब घालून परत केलं, तरी ठिपका फिरला. आणि दोन मिमी कमी नाही हो, तारेपासून वाटीचा तळ १० मिमी धरला तर तळाकडून पडणारं चित्र १० मीटरवर २ मीटर लांब होतं! काठाकडून कमी, कारण तिथे अंतर जास्त.

गॅरेजवाली सई:
दादा बरोबर बोलतायत. हेडलाइटच्या एच४ बल्बमध्ये दोन्ही तारा झोताच्या रेषेत असतात, डिपरच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी असते आणि कॉलरला तीन कान, म्हणजे बल्ब एकाच पद्धतीने बसतो. दिशेला किंमत नसती तर एवढा खटाटोप कशाला केला असता? एच३ ची तार मात्र आडवी, तो फॉग लॅम्पला चालतो. माझ्या मते लांब मारा हवा तर तार झोताच्या रेषेतच पाहिजे, तिचा प्रकाश बाजूने जास्त निघतो आणि थेट वाटीवर पडतो.

जुना वायरमन:
पण तशा तारेचा एकच बिंदू फोकसवर येतो, बाकीची पुढेमागे राहते, त्याचं काय? आणि लांब मारा सगळ्यांना नको असतो. मी रात्री पाणी द्यायला जातो तेव्हा बांधाच्या दोन्ही कडेचं गवत दिसलं पाहिजे, साप तिथेच असतो. त्यासाठी आडवा पट्टाच बरा. म्हणून मी बल्ब बसवताना तार जमिनीला समांतर ठेवतो.

रानपाखरू:
काका, मग तारेची दिशा तुम्हीपण बघताच की!